बालवीरांचे आद्य सेनानी : लॉर्ड बेडन-पॉवेल

गळ्यात स्कार्फ बांधून, कमरेला शिटीची दोरी अडकवून शाळेच्या मैदानावर गोलाकार उभी राहणारी मुले आज कोणत्याही गावात दिसतात. परस्परांना भेटताना ती डावा हात पुढे करतात, तीन बोटांनी सलाम करतात आणि दोरीला गाठ मारण्याच्या स्पर्धेत तहानभूक विसरतात. हे सारे ज्या पुरुषाने घालून दिले, तो मूळचा शिक्षक नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, समाजसुधारकही नव्हता. तो एका साम्राज्याचा सेनाधिकारी होता. युद्धासाठी शिकलेली विद्या त्याने मुलांच्या हाती शांततेसाठी दिली. त्याच्या चळवळीच्या दारावर एकामागून एक नवे उमेदवार उभे राहिले. कोणाला ते दार लगेच उघडले, कोणाला फार उशिरा. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचे चरित्र हे बऱ्याच अंशी त्या दाराचेच चरित्र आहे.

रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1857 रोजी लंडन येथे झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक आणि धर्मगुरू होते. मुलगा तीन वर्षांचा असतानाच ते निवर्तले. मोठ्या कुटुंबाचा भार आई हेन्रिएटा ग्रेस यांच्यावर पडला. त्या बाणेदार आणि महत्त्वाकांक्षी होत्या. मुलांना त्यांनी मोकळ्या हवेची, चित्रकलेची आणि निसर्गनिरीक्षणाची गोडी लावली. सुट्टीत ही भावंडे होडी घेऊन समुद्रकिनाऱ्याने भटकत. रॉबर्ट दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने चित्रे काढी.

पुढे त्यांना चार्टरहाउस शाळेत छात्रवृत्ती मिळाली. ती शाळा लंडनहून गोडाल्मिंग येथे हलविण्यात आली, तेव्हा शाळेलगत एक झाडी होती. मुलांना तेथे जाण्यास मनाई होती. रॉबर्ट मात्र तेथे लपून बसे, सशांचा माग काढी, धूर दिसू नये अशा बेताने लहानशी चूल पेटवी आणि शिक्षकांची चाहूल लागताच झाडावर चढून नाहीसा होई. वर्गात त्याची गणना फारशा हुशार मुलांत नव्हती. नाटक, गाणे आणि नकला यांत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे जगभरातील मुलांना जे शिकविले गेले, त्याचे पहिले पाठ या झाडीत गिरविले गेले होते.

विद्यापीठाचे दार उघडले नाही, म्हणून त्यांनी सैन्याची परीक्षा दिली. ते इतक्या वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले की त्यांची थेट तेराव्या हुसार्स या घोडदळ पलटणीत नेमणूक झाली. 1876 मध्ये एकोणीस वर्षांचा हा तरुण अधिकारी हिंदुस्थानात आला. लखनौ, मथुरा, क्वेट्टा अशा छावण्यांत त्यांची वर्षे गेली. शत्रूच्या मुलखात शिरून टेहळणी करणे, पायांच्या ठशांवरून वाट ओळखणे, नकाशा मनात साठवून परत येणे या विद्येचा त्यांना ध्यास लागला. 1897 मध्ये पाचव्या ड्रॅगून गार्ड्सचे नेतृत्व घेऊन ते पुन्हा हिंदुस्थानात, मेरठ येथे आले. तेथे त्यांनी एक नवा प्रयोग केला. मोठ्या पलटणीला एकत्र हुकूम देण्याऐवजी त्यांनी पाच-सहा शिपायांच्या लहान टोळ्या केल्या, प्रत्येक टोळीवर तिच्यातलाच एक म्होरक्या नेमला आणि जबाबदारी त्याच्यावर सोपविली. जे शिपाई या शिक्षणात उतरले, त्यांना उत्तर दिशा दाखविणारे एक चिन्ह बाहीवर लावण्यास मिळे. त्या व्याख्यानांतून सैनिकांसाठी टेहळणीचे एक लहानसे पुस्तक तयार झाले. टोळी, टोळीनायक आणि चिन्ह या बालवीर चळवळीच्या तीन खुणा अशा रीतीने हिंदुस्थानच्या मातीत आकाराला आल्या.

1899 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. मॅफेकिंग नावाच्या एका आडवाटेच्या गावाला बोअर सैन्याने वेढा घातला, तेव्हा गावाचे रक्षण बेडन-पॉवेल यांच्याकडे होते. सैन्य थोडे, तोफा जुन्या. त्यांनी युक्तीने वेळ मारून नेली. खोटे सुरुंग पुरले आणि काटेरी तारा नसताना त्या ओलांडण्याचा अभिनय आपल्या माणसांकडून करवून शत्रूला फसविले. गावातील लहान मुलांचे एक पथकही तेथे उभे राहिले. ते लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी संघटित केले होते आणि तेरा वर्षांचा वॉर्नर गुडइयर त्याचा म्होरक्या होता. मुले निरोप पोहोचवीत, टेहळणी करीत, रुग्णालयात मदत करीत. प्रारंभी ती गाढवांवरून जात, पुढे सायकलींवरून जाऊ लागली. विश्वास टाकला तर मूल मोठ्या माणसाइतके काम करते, हे बेडन-पॉवेल यांनी येथे डोळ्यांनी पाहिले. 217 दिवसांनी, 17 मे 1900 रोजी वेढा उठला. इंग्लंडात आनंदाचा कल्लोळ झाला आणि त्रेचाळीस वर्षांचे बेडन-पॉवेल सेनेतील सर्वांत तरुण मेजर जनरल ठरले.

या यशाला एक काळी किनारही आहे. वेढ्याच्या दिवसांत अन्नाची वाटणी झाली, तेव्हा गावातील आफ्रिकी रहिवाशांच्या वाट्याला गोऱ्यांपेक्षा कमी आले आणि उपासमारीची झळ त्यांनाच अधिक लागली. माणसामाणसांत वर्णाची रेघ ओढण्याची त्या काळच्या साम्राज्याची सवय या शूर अधिकाऱ्याच्याही अंगवळणी पडली होती. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्या पुढील आयुष्यातील एक मोठी उणीव समजते आणि त्यांची थोरवीही नेमकी कळते.

मायदेशी परतल्यावर त्यांना एक नवल आढळले. सैनिकांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक शाळांतील मुले वाचीत होती आणि शिक्षक त्यावरून खेळ घेत होते. 1904 मध्ये ग्लासगो येथे बॉईज ब्रिगेड या संस्थेच्या मुलांची कवायत त्यांनी पाहिली. संस्थापक विल्यम स्मिथ यांनी त्यांना मुलांसाठी वेगळे पुस्तक लिहिण्याची सूचना केली. बेडन-पॉवेल यांनी लिहिण्यापूर्वी प्रयोग करून पाहण्याचे ठरविले.

1907 च्या ऑगस्ट महिन्यात ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर वीसएक मुलांचे शिबिर भरले. काही मुले इंग्लंडातील अत्यंत श्रीमंत शाळांची होती, तर काही जवळच्या बोर्नमथ व पूल या गावांतील कामकरी घरांची. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन प्रकारची मुले एका ताटावर बसत नसत. शिबिराची वर्गणीही ऐपतीप्रमाणे होती. श्रीमंत शाळांच्या मुलांना एक पौंड, तर गावातील मुलांना साडेतीन शिलिंग. तंबूत शिरल्यावर मात्र हा भेद उरला नाही. लांडगा, बैल, कावळा आणि कुररी पक्षी अशा चार टोळ्या झाल्या, प्रत्येक मुलाच्या खांद्यावर टोळीच्या रंगाची फीत आली आणि सकाळी आफ्रिकेतून आणलेल्या कुडू हरणाच्या शिंगाचा नाद घुमला की सारे एकदम उठत. दिवसा माग काढणे, पोहणे, आग विझविणे, बुडणाऱ्याला वाचविणे यांचे शिक्षण चाले. रात्री शेकोटीभोवती गोष्टी रंगत. आठ दिवसांनी शिबिर संपले, तेव्हा कोण कोणत्या घरचा हे ओळखणे अवघड झाले होते. दारावर उभा राहिलेला पहिला उमेदवार गरिबाघरचा मुलगा होता. त्याला बेडन-पॉवेल यांनी हाताला धरून आत घेतले.

जानेवारी 1908 पासून त्यांचे स्काउटिंग फॉर बॉईज हे पुस्तक सहा पाक्षिक भागांत प्रसिद्ध झाले. प्रत्येक भागाची किंमत चार पेन्स, म्हणजे सामान्य घरच्या मुलाला खाऊच्या पैशांतून परवडेल अशी होती. त्यानंतर जे घडले ते लेखकाच्याही कल्पनेपलीकडचे होते. चालू असलेल्या संस्थांना एक नवा अभ्यासक्रम मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. गल्लीतील सहा-सात सवंगडी एकत्र येत, टोळीला प्राण्याचे नाव देत, हाती झाडूचे दांडे घेत आणि मग एखाद्या मोठ्या माणसाचे दार ठोठावून त्याला आपला नायक होण्याची गळ घालीत. सभासद जमविण्यासाठी ना फिरते प्रचारक होते, ना सक्ती. एका मुलाने दुसऱ्याला आणावे, दुसऱ्याने तिसऱ्याला. चळवळ अशी वाढली. आपण मोठ्यांचे हुकूम पाळणारे शिपाई नसून आपल्या टोळीचे जबाबदार घटक आहोत, ही जाणीव मुलाला प्रथमच मिळाली होती.

4 सप्टेंबर 1909 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा पहिला मोठा मेळावा भरला. दहा हजारांहून अधिक मुले जमली. त्या गर्दीत एक लहानशी टोळी मुलींची होती. त्यांना कोणी बोलावले नव्हते. गणवेश स्वतः शिवून, पुस्तक स्वतः वाचून त्या आल्या होत्या आणि आम्हीही स्काउट आहोत असा त्यांचा आग्रह होता. सेनापती क्षणभर गोंधळले. परंतु त्या मुली परत गेल्या नाहीत आणि त्यांचा प्रश्नही मागे हटला नाही. 1910 मध्ये बहीण ॲग्नेस यांच्या साहाय्याने त्यांनी मुलींसाठी गर्ल गाईड्स ही संघटना उभारली. त्याच वर्षी ते सैन्यातून निवृत्त झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी या चळवळीला दिले. 1912 मध्ये ओलेव्ह सोम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वयात मोठे अंतर असूनही दोघांची जन्मतारीख एकच होती, 22 फेब्रुवारी. पुढे गाईड चळवळीचे जागतिक नेतृत्व ओलेव्ह यांच्याकडे आले. दरम्यान बालवीरांचे धाकटे भाऊ मागे लागले होते. त्यांच्यासाठी 1916 मध्ये कब पथके निघाली. रुडयार्ड किपलिंग यांच्या हिंदुस्थानी जंगलातील मोगलीची कथा हा त्यांच्या खेळांचा पाया ठरला.

गरीब, मुली आणि लहान भावंडे यांना असा प्रवेश मिळाला. चौथा उमेदवार मात्र दारावर फार काळ ताटकळला. तो हिंदी मुलगा होता.

हिंदुस्थानातील पहिले स्काउट पथक 1909 मध्ये बंगळूर येथे निघाले. कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बिशप कॉटन शाळेत ते उभारले. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी मनाला जवळचे वाटणारे हे शहर 1809 पासून इंग्रजांची मोठी लष्करी छावणी झाले होते. त्या छावणीतील ब्लॅकपल्ली ही गजबजलेली बाजारवस्ती आज शिवाजीनगर या नावाने ओळखली जाते. बंगळूरपाठोपाठ 1910 व 1911 या वर्षांत पुण्याजवळ खडकी, तसेच लोणावळा, जबलपूर, मद्रास, सिमला येथेही पथके निघाली. परंतु या सर्व पथकांत प्रवेश होता तो केवळ युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांना. ब्लॅकपल्लीच्या गल्लीतील मुलाला पथकाची शिटी ऐकू आली, तरी तिच्या हाकेला ओ देण्याची मुभा नव्हती. खडकीतील मराठी मुलाचीही तीच गत. हिंदी मुलांना नकाशा वाचणे, माग काढणे, शिस्तीने एकत्र वागणे शिकविले तर त्यांतून उद्याचे क्रांतिकारक निपजतील, अशी सरकारला भीती होती. बेडन-पॉवेल यांनी ही भीती झुगारून दिली नाही. ज्या देशात त्यांनी टोळीपद्धती प्रथम पारखली, त्याच देशातील मुले तिच्यापासून दूर राहिली.

बंद दारासमोर हिंदी माणसे नुसती उभी राहिली नाहीत. त्यांनी शेजारी दुसरे घर बांधले. शाहजहानपूर येथे श्रीराम वाजपेयी यांनी स्वतःच्या हिमतीवर मुलांचे पथक काढले. 1916 मध्ये मद्रास येथे ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या सहकार्याने भारतीय बालवीर संघ स्थापन केला. त्यांची मुले डोक्याला फेटा बांधीत आणि भारतीय गीते गात. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी अलाहाबाद येथे सेवा समिती स्काउट संघटना उभारली. प्रयागच्या मेळ्यांत चुकलेल्यांना घरच्यांकडे पोहोचविणे, बुडणाऱ्यांना वाचविणे, रोगाच्या साथीत शुश्रूषा करणे ही कामे या मुलांनी केली. परवानगीवाचूनही हिंदी मुलगा उत्तम बालवीर होऊ शकतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

1921 मध्ये बेडन-पॉवेल पत्नीसह हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. मद्रास येथे त्यांनी बेझंट यांच्या फेटेधारी मुलांचे संचलन पाहिले. हा संघ मूळ संघटनेत सामील करून घेण्यात आला आणि हिंदी मुलांना अधिकृत प्रवेश मिळाला. बंगळूरच्या पहिल्या पथकानंतर बारा वर्षांनी दार किलकिले झाले. ज्या बेझंटबाईंना सरकारने चारच वर्षांपूर्वी स्थानबद्ध केले होते, त्यांच्या कार्याला सेनापतींनी मान्यता दिली, ही त्यांच्या मनाची उदारता होती. सेवा समिती मात्र आपले स्वातंत्र्य सोडण्यास राजी झाली नाही. आपल्या मुलांच्या शिक्षणाची सूत्रे आपल्याच हाती असावीत, ही तिची भूमिका होती.

इकडे चळवळ जगभर पसरत होती. 1920 मध्ये लंडनच्या ऑलिंपिया येथे पहिला जागतिक मेळावा, म्हणजे जांबोरी भरली आणि जमलेल्या मुलांनी बेडन-पॉवेल यांना जगाचे मुख्य बालवीर म्हणून घोषित केले. नुकतेच एकमेकांशी लढलेल्या युरोपातील मुलांनी शांततेच्या काळात एकत्र तंबू ठोकावेत, हे त्यांचे नवे स्वप्न होते. 1929 मध्ये चळवळीला एकवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली आणि त्यांनी ती गिलवेल या प्रशिक्षणकेंद्राच्या नावाने धारण केली.

1937 च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे अखिल भारतीय जांबोरी भरली, तेव्हा सुमारे ऐंशी वर्षांचे लॉर्ड बेडन-पॉवेल पुन्हा या देशात आले. हजारो हिंदी बालवीरांनी त्यांना मानवंदना दिली. परंतु या भेटीच्या सुमारास भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी केलेली अनुदार विधाने प्रसिद्ध झाली आणि देशभर संताप उसळला. मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवा, असे जगाला शिकविणाऱ्या वृद्ध सेनापतीने एका संपूर्ण समाजाच्या सचोटीवर अविश्वास दाखवावा, याचे दुःख त्यांच्या अनुयायांनाच अधिक झाले. 1938 मध्ये वाजपेयी, कुंझरू प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. संतापाच्या त्या क्षणीही या मंडळींनी टोळी, वचन, नियम आणि रोजचे एक सत्कृत्य टाकून दिले नाही. संस्थापकाच्या चुकीसाठी त्यांनी त्याच्या विद्येला शिक्षा केली नाही.

त्याच सुमारास बेडन-पॉवेल केनियातील न्येरी येथे जाऊन राहिले. समोर माउंट केनियाचे हिमशिखर, अंगणात पक्षी आणि हातात कुंचला असे त्यांचे अखेरचे दिवस गेले. 8 जानेवारी 1941 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या समाधीवर एक वर्तुळ आणि मध्ये एक बिंदू कोरलेला आहे. माग काढणाऱ्या बालवीरांच्या खुणांत त्याचा अर्थ, मी घरी गेलो, असा होतो.

भारत स्वतंत्र झाल्यावर दुभंगलेली ही चळवळ एकत्र आणण्याचा प्रयत्न सुरू झाला. शिक्षणमंत्री मौलाना आझाद, पंडित कुंझरू, श्रीराम वाजपेयी आणि नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्यासाठी परिश्रम घेतले. 7 नोव्हेंबर 1950 रोजी दोन्ही संघटना विलीन होऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही एकच संस्था निर्माण झाली. 15 ऑगस्ट 1951 रोजी मुलींची संघटनाही तिला येऊन मिळाली. ज्या दारावर हिंदी मुलाला थांबविले गेले होते, त्या घराची किल्ली आता त्याच्याच देशाकडे आली.

बेडन-पॉवेल यांचे मोठेपण ते निर्दोष होते म्हणून नव्हे. स्वतःच्या काळाच्या मर्यादा त्यांना पूर्णपणे ओलांडता आल्या नाहीत. परंतु त्यांनी निर्माण केलेली रचना त्यांच्याहून मोठी निघाली. सहा ते आठ मुलांची टोळी, तिचा नायक तिच्यातलाच एक आणि नव्याने येणाऱ्या मुलाला शिकविण्याची जबाबदारी आधी आलेल्या मुलावर. या पद्धतीत जात, भाषा, वर्ण आणि ऐपत यांना बसण्यास जागाच उरत नाही. आज शिवाजीनगरात काय किंवा खडकीत काय, पथकात नाव घालण्यासाठी मुलाने कोणाच्या घरी जन्म घेतला हे विचारले जात नाही. त्याने स्वखुशीने यावे, थोडे दिवस टोळीबरोबर राहून नियम समजून घ्यावेत आणि मग सर्वांसमोर वचन द्यावे, एवढेच पुरते.

22 फेब्रुवारी हा दिवस जगभरातील स्काउट आणि गाईड चिंतन दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी मैदानाच्या कडेला एखादा मुलगा गणवेशाविना, संकोचून उभा असतो. मित्रांचे खेळ पाहावेत, पण आत जावे की नाही हे त्याला ठरविता येत नाही. अशा वेळी टोळीतील कोणी दोरीचा तुकडा घेऊन त्याच्यापाशी जातो आणि पहिली रीफ गाठ कशी मारावी ते दाखवितो. चळवळीचा नवा सभासद तेथे मिळतो, आणि ज्याला दारावर बारा वर्षे थांबावे लागले त्या मुलाचे ऋणही तेथेच थोडे फिटते.